सिंगल-एंडेड ट्यूब गिटार अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधताना

गिटारसाठी ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदाच बांधायचा असेल, तर एका आउटपुट ट्यूबवर चालणारा, चार-पाच वॅटचा सिंगल-एंडेड प्रकार निवडावा. त्यात मोजके भाग असतात, प्रत्येक भागाचे काम स्वतंत्रपणे समजून घेता येते, आणि बिघाड झालाच तर तो कोठे आहे हे मल्टिमीटरने शोधून काढणे शक्य असते. येथे वर्णन केलेल्या मंडलात (सर्किटमध्ये) तीन ट्यूब आहेत. एकाच काचेत दोन ट्रायोड (तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे जाणारा प्रवाह मधल्या ग्रिडने कमी-जास्त करणारे घटक) असलेली १२एएक्स७ गिटारचा क्षीण संकेत दोन टप्प्यांत वाढवते, ६व्ही६ स्पीकरला लागणारी शक्ती पुरवते आणि ५वाय३ रेक्टिफायरचे, म्हणजे प्रत्यावर्ती दाब एकदिश करण्याचे, काम करते. फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकातला छोटा चॅम्प अ‍ॅम्प्लिफायर याच तीन ट्यूबांवर चालत असे, आणि या मांडणीत आजही फारसे काही बदलावे लागत नाही.

सिंगल-एंडेड म्हणजे आउटपुटची एकच ट्यूब संपूर्ण तरंग हाताळते. त्यासाठी ती सतत वाहती ठेवावी लागते, म्हणून गिटार वाजत असो वा नसो, ६व्ही६ जवळजवळ तेवढाच प्रवाह घेते आणि तेवढीच तापते. याचे आणखी दोन परिणाम बांधणी करणाऱ्याने सुरुवातीपासून लक्षात ठेवावेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यातून कायम एकदिश प्रवाह जात राहतो, त्यामुळे त्याच्या गाभ्यात हवेची फट असलेला, सिंगल-एंडेड मंडलासाठीच गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर लागतो. पुश-पुलसाठीचा, म्हणजे दोन ट्यूब तरंग वाटून घेतात त्या रचनेसाठीचा, वापरल्यास गाभा संपृक्त होऊन खालचे स्वर पातळ पडतात. दुसरे असे की पुश-पुल रचनेत वीजपुरवठ्यातील गुणगुण दोन ट्यूबांमध्ये आपोआप बऱ्याच अंशी कटते, तशी ती येथे कटत नाही. म्हणून वीजपुरवठ्याचे गाळण आणि तारांची मांडणी यांत केलेली हयगय थेट कानांना ऐकू येते. या छोट्या यंत्राच्या बांधणीत कौशल्य कशाला लागत असेल, तर ते मांडणीला आणि कामाच्या क्रमाला. मंडल स्वतः अगदी साधे आहे.

सुरक्षिततेचे नियम मात्र आधी. या यंत्रात ३०० व्होल्टच्या आसपास एकदिश दाब असतो आणि तो जीवघेणा आहे. वीज बंद केल्यावर, प्लग काढून ठेवल्यावरही, फिल्टर कपॅसिटरमध्ये (एकदिश दाब सपाट करणाऱ्या कपॅसिटरमध्ये) हा दाब साठून राहतो. यासाठी पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा निचरा रेझिस्टर कायमचा जोडावा. एकूण ६० मायक्रोफॅरॅड धारकता धरली, तर ३०० व्होल्टवरून १० व्होल्टपर्यंत उतरायला त्याला सुमारे पाऊण मिनिट लागते. एवढे असूनही, चेसिसमध्ये (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यात) हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी मीटर लावून दाब खरोखर उतरला आहे याची खात्री करावी, कारण रेझिस्टरचा डाग (सोल्डरचा सांधा) सुटला असेल तर ते दुसऱ्या कशानेही कळत नाही. चालू यंत्रात मोजमाप करताना मीटरची काळी तार चिमट्याने चेसिसला अडकवावी, लाल टोक एका हाताने धरावे आणि दुसरा हात यंत्रापासून दूर ठेवावा. हातात अंगठी, कडे किंवा धातूचे घड्याळ नसावे. विजेच्या जोडणीचे काम पूर्वी कधीच केले नसेल, तर पहिल्यांदा यंत्र चालू करताना जाणकार माणूस शेजारी असावा.

आता सामान. पॉवर ट्रान्सफॉर्मरची उच्चदाब बाजू २५०-०-२५० व्होल्ट, ७० ते १०० मिलिअँपिअर क्षमतेची असावी, त्याशिवाय ६.३ व्होल्ट, किमान १ अँपिअरचे आणि ५ व्होल्ट, २ अँपिअरचे अशी हीटरची (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची) दोन वेटोळी हवीत. ६व्ही६ चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो आणि १२एएक्स७ चा ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर, म्हणजे एक अँपिअरमध्ये थोडी मोकळीक राहते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्राथमिक रोध (इम्पीडन्स) ५ ते ८ किलोओहमच्या दरम्यान असावा आणि दुय्यम बाजू आपल्या स्पीकरच्या रोधाशी जुळावी. ८ ओहमसाठीच्या टोकांना ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर ट्यूबला दिसणारा प्राथमिक रोधही निम्मा होतो, हे गणित विसरू नये.

स्पीकरच्या निवडीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याने आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते. ९१ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९७ डेसिबलचा लावला, तर तोच अ‍ॅम्प्लिफायर चौपट शक्तीचा असल्यासारखा वाजतो. चार वॅटच्या यंत्रात खर्च करायचाच असेल तर तो माझ्या मते आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांवर करावा. महागड्या कपॅसिटरने पडणारा फरक त्यापुढे नगण्य असतो.

फिल्टर कपॅसिटर किमान ४५० व्होल्टचे घ्यावेत. ५वाय३ लवकर तापते, ६व्ही६ त्यानंतर काही सेकंदांनी वाहू लागते, आणि मधल्या काळात पुरवठ्यावर भार नसल्यामुळे दाब थेट ३५० व्होल्टच्या घरात जातो. ५वाय३ नंतरचा पहिला कपॅसिटर २० मायक्रोफॅरॅडपेक्षा मोठा ठेवू नये, कारण प्रत्येक अर्धतरंगात तो भरताना ट्यूबवर पडणारा प्रवाहाचा झटका तिला सोसत नाही. १६ मायक्रोफॅरॅड योग्य. पुढचे दोन २२ चे चालतात.

चेसिससाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. भोके पाडण्यापूर्वी सगळे जड भाग पत्र्यावर नुसते मांडून पाहावेत. इनपुटचा जॅक आणि १२एएक्स७ एका टोकाला, पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर दुसऱ्या टोकाला, मध्ये ६व्ही६ असा क्रम ठेवावा, म्हणजे संकेत एका दिशेने पुढे सरकतो आणि उलटून स्वतःच्याच इनपुटजवळ येत नाही. दोन ट्रान्सफॉर्मरचे गाभे एकमेकांशी काटकोनात असावेत, पण काटकोनावरच विसंबून राहू नये. पॉवर ट्रान्सफॉर्मरची दुय्यम टोके वेगवेगळी इन्सुलेशन पट्टीने बंद करून, प्राथमिक बाजूला फ्यूजमार्फत वीज द्यावी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम टोकांना हेडफोन लावून तो पत्र्यावर हळूहळू सरकवावा आणि फिरवावा. एका जागी गुणगुण स्पष्ट ऐकू येते, चार-पाच अंश फिरवल्यावर ती एकदम बारीक होते, आणि थोडे पुढे गेले की पुन्हा वाढते. जेथे ती सर्वांत कमी असेल त्या जागेवर पेन्सिलने खूण करून मगच ड्रिल हातात घ्यावे. यंत्र पूर्ण झाल्यावर ही गुणगुण दुसऱ्या कोणत्याही उपायाने घालवता येत नाही.

विजेची फेज तार आधी फ्यूजला, मग स्विचला आणि तेथून ट्रान्सफॉर्मरला जावी. मुख्य पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर अर्धा अँपिअरचा, हळू वितळणाऱ्या प्रकारातला फ्यूज घालावा. अर्थिंगची तार चेसिसला स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून आणि पत्र्यावरचा रंग खरवडून पक्की करावी. हा बोल्ट ट्रान्सफॉर्मर बसवण्यासाठी वापरू नये. कालांतराने तो सैल झाला तर यंत्राचे अर्थिंगच जाते.

ट्यूब सॉकेटच्या पिना खालच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. ५वाय३ मध्ये २ आणि ८ क्रमांकाच्या पिनांना ५ व्होल्टचे वेटोळे, ४ आणि ६ ला उच्चदाबाची दोन टोके, आणि एकदिश दाब ८ वरून घ्यायचा. उच्चदाब वेटोळ्याचे मधले टोक पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या ऋण टोकाला थेट जोडावे, चेसिसला वाटेत कोठेही नाही. ५ व्होल्टचे वेटोळे नावाला ५ व्होल्टचे आहे. ते चेसिसच्या तुलनेत पूर्ण ३०० व्होल्टवर असते, म्हणून त्या तारांचे इन्सुलेशन आणि त्यांना हात लावण्याबाबतची सावधगिरी उच्चदाबाच्या तारांसारखीच हवी.

६.३ व्होल्टच्या तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात. ६व्ही६ मध्ये त्या २ आणि ७ ला लागतात. १२एएक्स७ मध्ये ४ आणि ५ एकत्र करून एक तार त्यांना आणि दुसरी ९ ला द्यावी. वेटोळ्याला मधले टोक नसेल तर दोन्ही तारांपासून प्रत्येकी १०० ओहमचा रेझिस्टर घेऊन त्यांचे एकत्र टोक ६व्ही६ च्या कॅथोडला, म्हणजे ८ क्रमांकाच्या पिनेला जोडावे. तेथील पंधरा-सोळा व्होल्टच्या धन दाबामुळे हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती थांबते आणि गुणगुण आणखी कमी होते.

आता संकेताचा मार्ग. गिटारच्या जॅकवर १ मेगओहमचा रेझिस्टर जमिनीला (मंडलाच्या शून्य व्होल्टच्या सामाईक तारेला) जोडावा आणि तेथून ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत संकेत १२एएक्स७ च्या २ क्रमांकाच्या पिनेवर, म्हणजे पहिल्या ग्रिडवर न्यावा. हा ६८ किलोओहम सॉकेटच्या पिनेला चिकटूनच हवा. ट्यूबच्या स्वतःच्या धारकतेशी मिळून तो १५ हजार हर्ट्झच्या वरचा भाग गाळून टाकतो. गिटारला त्याची गरज नसते, पण रेडिओचे प्रसारण याच वाटेने आत शिरते. प्लेट १ ला १०० किलोओहम, कॅथोड ३ ला १.५ किलोओहम. या कॅथोड रेझिस्टरला समांतर कपॅसिटर जोडल्यास वाढ जास्त मिळते, आणि त्याच्या आकारावरून अ‍ॅम्प्लिफायरच्या खालच्या स्वरांचे स्वरूप ठरते: २५ मायक्रोफॅरॅड सगळे स्वर सारखे वाढवतो, ०.६८ मायक्रोफॅरॅड खालच्या स्वरांना थोडे मागे ठेवतो. आठ इंची स्पीकर असेल तर लहान आकड्याकडे झुकावे, जाड तारेवरचे सूर कमी चिखलतात.

पहिल्या प्लेटवरून ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर १ मेगओहमच्या व्हॉल्यूम पॉटला, पॉटची मधली पिन दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडला, म्हणजे ७ ला. प्लेट ६ आणि कॅथोड ८ ला पहिल्या टप्प्यासारखेच १०० आणि १.५ किलोओहम, मात्र येथे समांतर कपॅसिटर नको, कारण पुढे या कॅथोडवर फीडबॅक, म्हणजे आउटपुटमधून परत आणलेला थोडा संकेत, आणायचा आहे. दुसऱ्या प्लेटवरून आणखी एक ०.०२२ मायक्रोफॅरॅड ६व्ही६ च्या ग्रिडला, पिन ५ ला, आणि तेथून २२० किलोओहम जमिनीला. हा कपॅसिटर आणि २२० किलोओहम मिळून सुमारे ३३ हर्ट्झच्या खालचे सगळे अडवतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर असल्याने काहीच गमावले जात नाही. ६व्ही६ चा कॅथोड ४७० ओहम, ५ वॅट आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरॅड, ५० व्होल्ट. प्लेट ३ आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत पहिल्या फिल्टर कपॅसिटरला, स्क्रीन (६व्ही६ मधली दुसरी ग्रिड) ४ हा १० किलोओहमनंतरच्या दुसऱ्या कपॅसिटरला, आणि १२एएक्स७ चे दोन्ही टप्पे त्यापुढील २२ किलोओहमनंतरच्या तिसऱ्या कपॅसिटरला.

जमिनीच्या जोडण्यांसाठी एक जाड, उघडी तांब्याची तार, छोटे भाग जोडलेल्या बोर्डच्या कडेने न्यावी. तिच्यावर पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने पहिला कपॅसिटर, मग ६व्ही६ च्या जोडण्या, मग दुसरा कपॅसिटर, मग तिसरा आणि १२एएक्स७ च्या जोडण्या अशा क्रमाने डाग द्यावेत, आणि ही तार चेसिसला एकाच ठिकाणी, इनपुट जॅकपाशी जोडावी. यामुळे रेक्टिफायरचे जोरदार झटके संकेताच्या जमिनीतून वाहत नाहीत. जॅकच्या धातूच्या बाह्यभागामुळे चेसिसशी नकळत दुसरी जोडणी होते. स्पीकरचा जॅक म्हणूनच प्लास्टिकच्या वॉशरवर बसवावा.

काम पूर्ण झाल्यावर लगेच सगळ्या ट्यूब बसवून वीज देण्याचा मोह टाळावा. विजेच्या फेज तारेत ४० किंवा ६० वॅटचा, तार तापून उजळणारा जुन्या पद्धतीचा बल्ब मालिकेत घालावा. कोठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळतो आणि यंत्र वाचते. प्रथम एकही ट्यूब न लावता हीटरचे आणि उच्चदाबाचे प्रत्यावर्ती दाब मोजावेत. भार नसताना ६.३ ऐवजी ७ च्या जवळ आकडा दिसणे स्वाभाविक आहे. मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ बसवून त्यांच्या हीटरची लाली पाहावी. त्यानंतर ६व्ही६ काढून ठेवावी, ५वाय३ बसवावी आणि ६व्ही६ च्या रिकाम्या सॉकेटवर पिन ५ चा एकदिश दाब मोजावा. तो शून्य असला पाहिजे. एखादा व्होल्टही दिसला तर या ग्रिडकडे येणारा ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे. तसाच पुढे गेल्यास ग्रिड धन होऊन ६व्ही६ ची प्लेट तापून लाल होते. हे सगळे ठीक असले की ६व्ही६ बसवावी. मात्र त्याआधी स्पीकर जोडलेला आहे ना, हे पाहावे. भाराविना वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब त्याचे इन्सुलेशन फोडू शकतो.

बल्बसह दाब कमी दिसतात, म्हणून सर्व काही शांत असल्याची खात्री झाल्यावर बल्ब काढून अंतिम मोजमाप घ्यावे. १२एएक्स७ च्या प्लेटवर १३० ते १७० व्होल्ट आणि कॅथोडवर सव्वा व्होल्टच्या आसपास दिसल्यास पहिले दोन टप्पे ठीक आहेत. ६व्ही६ चे गणित मात्र कागदावर करावे. समजा, कॅथोडवर १६ व्होल्ट आहेत. त्याला ४७० ने भागले की ३४ मिलिअँपिअर येतात, त्यातील सुमारे ३ स्क्रीनचे, म्हणजे प्लेटचे ३१. प्लेटवर २९० व्होल्ट असतील तर प्लेट आणि कॅथोड यांमधला दाब २७४ आणि प्लेटवर जिरणारी शक्ती साधारण साडेआठ वॅट. ६व्ही६ ची जुनी अधिकृत मर्यादा १२ वॅटची आहे, तेव्हा ट्यूब निवांत आहे असे समजावे. आकडा ११ च्या वर जात असेल तर कॅथोडचा रेझिस्टर ५६० किंवा ६८० ओहमचा करावा.

गुणगुण राहिलीच, तर तिचा स्वर ओळखावा. मुख्य पुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर खर्जातली ५० हर्ट्झची गुणगुण हीटरच्या तारा किंवा अर्थिंगच्या चुकीच्या जोडणीतून येते, आणि तिच्या एक सप्तक वरची, किंचित खरखरीत १०० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतरच्या अपुऱ्या गाळणीतून. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावरही ती तशीच राहिली तर दोष पॉटच्या पुढे आहे, नाहीशी झाली तर मागे. त्यानंतर कोरड्या लाकडी काडीने ग्रिडकडे जाणाऱ्या तारा एकेक करून हलक्याने हलवून पाहाव्यात. एखादी तार पत्र्याच्या जवळ दाबताच गुणगुण विरते, तीच तिची कायमची जागा.

फीडबॅकची जोडणी मुद्दाम शेवटी ठेवावी. स्पीकरच्या धन टोकावरून २२ किलोओहमचा रेझिस्टर १२एएक्स७ च्या ८ क्रमांकाच्या पिनेला जोडायचा असतो, आणि दुय्यम वेटोळ्याचे दुसरे टोक जमिनीला जोडलेले असावे लागते. जोडल्यावर आवाज किंचित कमी होऊन स्वच्छ झाला तर दिशा बरोबर आहे. यंत्र किंचाळू लागले तर ताबडतोब बंद करावे, कपॅसिटर उतरल्याची मीटरने खात्री करावी आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारांची अदलाबदल करावी. फीडबॅकशिवाय या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज लवकर फाटतो आणि तो बोटांच्या दाबाला अधिक उत्तर देतो. त्यामुळे २२ किलोओहमच्या वाटेत एक छोटा स्विच ठेवून दोन्ही आवाज हाताशी ठेवणे मला सर्वांत पटते.

पेटीत बसवताना ६व्ही६ आणि ५वाय३ यांच्याभोवती हवा खेळती राहील अशी जागा सोडावी आणि फिल्टर कपॅसिटर त्यांच्या काचेपासून दूर ठेवावेत. पहिल्या आठवड्याच्या वापरानंतर ६व्ही६ च्या कॅथोडवरचा दाब पुन्हा एकदा मोजून वहीत नोंदवावा. पुढे कधी ट्यूब बदलाल, तेव्हा नव्या ट्यूबचा आकडा याच नोंदीशी ताडून पाहता येईल.